अ‍ॅडजस्ट या शब्दाविषयी

विश्रांतवाडी, पुणे
१२ मे २००४

रंगराव यांस सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. फोन तुम्ही आदळलात, म्हणून मीही पत्रच लिहितो. फोनवर तुमचा आवाज चढतो आणि माझे शब्द घशातच राहतात. कागदावर दोघांचा आवाज सारखा.

आम्रपाली आमच्याकडे आहे आणि खुशाल आहे. सून माहेरी पळून गेली असं तुम्ही लातुरात सांगताय असं कानावर आलं. पळून आलेलं माणूस सकाळी डबा घेऊन कामावर जात नाही. ती रोज कल्याणीनगरला कंपनीत जाते, संध्याकाळी येते, आईला भाकरी करू लागते. तुमच्या प्रज्ञेशबद्दल एकही वाकडा शब्द तिच्या तोंडून आम्ही ऐकलेला नाही.

गोष्ट तुम्हालाही माहीत आहे, तरी एकदा लिहितो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. प्रज्ञेशला त्याची कंपनी दोन वर्षांसाठी अमेरिकेत पाठवते आहे. आनंदच आहे. बायको म्हणून आम्रपालीला बरोबर जाता येईल, पण त्या व्हिसावर तिला तिकडे नोकरी करता येत नाही. म्हणजे इथली नोकरी सोडायची आणि तिकडे घरात बसायचं. आणि हे कधी, तर तिच्या हाताखाली आठ माणसं देऊन कंपनीने तिला नुकतंच पुढे केलं तेव्हा. ती म्हणते, तू जाऊन ये, मी इथे काम करते, सुट्टीत भेटू. प्रज्ञेश गप्प आहे. बोलताय ते तुम्ही.

तुम्ही लिहिलंत, "तिला समजावा. मुलीच्या जातीला थोडं अ‍ॅडजस्ट करावंच लागतं."

तुमचा निरोप मी तिला शब्दन्‌शब्द वाचून दाखवला. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "पप्पा, लग्नाआधी मी एमसीएचे संध्याकाळचे क्लास सोडले, तेव्हा हाच शब्द होता. मग मामंजी आमच्या वडगाव शेरीच्या फ्लॅटवर राहायला आले आणि कंपनीची बस सोडून त्यांच्या सोयीची वेळ धरली, तेव्हाही हाच होता. हा शब्द 'थोडं' याच्याशिवाय कधी येतच नाही का?"

 याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा. मी मात्र तिला समजावणार नाही.

सत्यशीला वहिनींना माझा आणि राधाचा जयभीम सांगा.

आपला
वैजनाथ


विश्रांतवाडी
२३ मे २००४

रंगराव यांस जयभीम.

काल तुमचा पुन्हा फोन आला. राधाने उचलला. "कंडक्टरला इंग्रजी शब्दाची काय माहिती, मला विचारा," असं तुम्ही तिला म्हणालात. तिने निरोप दिला आणि पुढे आपलं म्हणून जोडलं, "बँकेत साहेब झाल्यापासून यांना सगळ्यांचे अर्ज मंजूर-नामंजूर करायची सवय लागलीय."

हे खरं की बोरखेड्याच्या शाळेत इंग्रजीत तुम्ही पहिले आणि मी कसाबसा पास. गुरुजी शब्द म्हणत, आपण अर्थ म्हणत होतो, सगळा वर्ग एका सुरात. 'अ‍ॅडजस्ट म्हणजे जुळवून घेणे.' कुणी कुणाशी जुळवून घ्यायचं, हे गुरुजींनी सांगितलं नाही, आपण विचारलं नाही. पण त्यानंतर पंचवीस वर्षं मी पीएमटीत आहे, आणि हा शब्द जितक्या वेळा माझ्या कानावर पडलाय तितक्या वेळा बँकेच्या काउंटरवर तुमच्याही पडला नसेल.

स्वारगेटहून गाडी निघाली की पहिला शब्द तोच. दोघांच्या बाकावर तिसरा बसतो आणि म्हणतो, जरा अ‍ॅडजस्ट करा. मी पैसे-तिकीट करत मागेपुढे फिरतो, तेव्हा बघतो, हा शब्द कुणाला म्हटला जातो ते. गुडघे फाकवून बसलेल्या गृहस्थांना कुणी म्हणत नाही. खिडकीशी अंग चोरून बसलेली जी बाई असते, आधीच अर्ध्या बाकावर, तिलाच म्हणतात. कारण ती सरकते हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि जो सरकतो त्यालाच पुढच्या स्टॉपला पुन्हा सरकायला सांगतात. येरवड्यापर्यंत ती बाई उभी असते आणि ज्याने तिला सरकवलं तो पेपर वाचत असतो.

एकदा एका आजीबाईंनी असं सांगणाऱ्याला म्हटलं, "बाळा, मी अजून किती सरकू? पुढं खिडकी हाय. खिडकीतनं पडू का?" सगळी गाडी हसली. तो माणूसही हसला, पण बसला मात्र तिथेच.

तुमचा टोमणा मनाला लागला, म्हणून आम्रपालीला म्हटलं, कॉम्प्युटरवर या शब्दाचे सगळे अर्थ काढ. तिने ऑफिसातून छापून आणले. मी चष्मा लावून वाचले. पहिलाच अर्थ आहे, नीट करणे, जागेवर आणणे. ब्रेक नीट करणे, घड्याळ नीट करणे. मग मापाला बसवणे. मग हिशोब मिटवणे. त्याच्या जोडीचे दुसरे शब्द दिले होते, ते तिने मला मराठीत करून सांगितले. बदलणे, दुरुस्त करणे, जागा करून देणे, सवय करून घेणे. माणसाने परिस्थितीची सवय करून घेणे हा अर्थ खाली, बराच खाली होता. आपल्या घरांतून तो तेवढा एकच उरलाय आणि बाकीचे गळून गेलेत.

"जागा करून देणे" यावर माझं बोट थांबलं. म्हटलं, हे तर चांगलं आहे. ती म्हणाली, "चांगलंच आहे की पप्पा. पण जागा करून देणाऱ्याकडे आधी जागा असावी लागते."

माझ्या गाडीवर सोनबा ड्रायव्हर आहे. ड्यूटीवर बसला की तो पहिल्यांदा आरसा हलवतो. आदल्या ड्रायव्हरने लावलेला आरसा त्याच्या डोळ्याला बरोबर होता, सोनबाच्या नाही. मी कधी कुठला ड्रायव्हर आरशासाठी मान वाकडी करून गाडी चालवताना पाहिला नाही. तसं केलं तर चौकात कुणाचा तरी जीव जाईल.

इंग्रजीत मी अजूनही कसाबसा पास असेन. पण हा एक शब्द आता मला येतो.

वैजनाथ


विश्रांतवाडी
६ जून २००४

रंगराव,

तुमचं रजिस्टर पत्र मिळालं. रजिस्टर करायची गरज नव्हती. आमचा पोस्टमन साधं पत्रही आणून देतो.

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. व्हिसाच्या मुलाखतीला आम्रपाली मुंबईला आली नाही तर पुढचं आम्ही बघू, ही एक. 'पुढचं' म्हणजे काय ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला कळलं. आपल्या घरात आजवर काडीमोड झालेला नाही, ही दुसरी. आणि तिसरी अशी की लग्नात तिनेही पाच प्रतिज्ञा घेतल्या आहेत, त्यांची तिला आठवण द्या.

तिसरी गोष्ट वाचून मला बरं वाटलं. कारण तुम्ही आपण होऊन त्या दिवसापाशी आलात.

आठवतं ना, सभागृहाचा माणूस घाई करत होता, पुढच्या लग्नाची मंडळी बाहेर उभी होती. बौद्धाचार्य म्हणाले, प्रतिज्ञा पालीत उरकून घेऊ. तुम्ही माइक हातात घेतलात आणि म्हणालात, "उरकायच्या नाहीत. मराठीतसुद्धा होतील आणि मोठ्याने होतील. आपल्या धम्मात नवरदेव आधी बोलतो, मग नवरी. लोकांना ऐकू द्या." मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला. इतक्या वर्षांनी शाळेतला रंगराव दिसला.

मग प्रज्ञेशने म्हटल्या. मी पत्नीचा सन्मान करीन. मी तिचा अपमान करणार नाही. मी मिथ्याचार करणार नाही. चौथी म्हणताना तो अडखळला, तुम्ही बाजूने सांगितलंत. "घरातला अधिकार मी तिच्या हाती सोपवीन." अडखळला होता म्हणून तुम्ही त्याच्याकडून ती दोनदा म्हणवून घेतलीत. पाचवी वस्त्र-अलंकारांची, ती त्याने झटकन म्हटली आणि लोक हसले.

आता आम्रपालीच्या पाच. रोज सकाळी मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हटल्यावर मी थोडा वेळ तसाच बसतो. काल बसलो होतो तेव्हा त्या मनात एकेक करून म्हटल्या. घरची व्यवस्था नीट पाहीन. आप्तांचा सत्कार करीन. मिथ्याचार करणार नाही. मिळवलेलं राखीन. सगळ्या कामांत दक्ष राहीन, आळस करणार नाही. यात नोकरी सोडीन असं कुठे आहे? उलट शेवटची जी आहे, सगळ्या कामांत दक्ष राहण्याची, ती पाळण्यासाठीच तर ती भांडते आहे. आणि तुमच्या शब्दाला दहाही प्रतिज्ञांत जागा नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांना तो सुचला नाही असं नसेल.

तेव्हा आता माझं ऐका. येत्या आषाढी पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या दिवशी, आमच्या विश्रांतवाडीच्या विहारात संध्याकाळची वंदना आहे. तुम्ही, वहिनी आणि प्रज्ञेश या. लग्नातले बौद्धाचार्य मी बोलावतो. प्रज्ञेशने वंदनेनंतर चौथी प्रतिज्ञा पुन्हा म्हणावी. एकदाच, पण न अडखळता. म्हटल्यावर आम्रपालीने ठरवावं, जायचं की राहायचं. तिने जायचं म्हटलं तर मी स्वतः तिची बॅग स्वारगेटपर्यंत नेईन. पण प्रतिज्ञा म्हणायची नसेल तर ती मोडलेली आहे असं मी धरीन, आणि मग 'पुढचं' तुमच्याआधी मी बघेन.

ही धमकी वाटत असेल तर वाटू द्या.

वैजनाथ


विश्रांतवाडी
१९ जून २००४

रंगराव,

तुमचं उत्तर नाही. व्हिसाची मुलाखत होऊन गेली. प्रज्ञेश एकटाच मुंबईला गेला आणि त्याला व्हिसा मिळाला, हे त्यानेच सांगितलं.

तो रविवारी आमच्याकडे आला होता. तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. चोरून आला असं समजू नका. स्वतःच्या बायकोला भेटायला माणूस चोरून येत नाही. राधाने थालीपीठं केली. मग दोघं गच्चीवर जाऊन बसली. मी वाळवणं काढायला वर गेलो तेव्हा कानावर पडलं ते असं.

तो म्हणाला, "यार, मला प्रॉब्लेम नाहीये. तू राहा. पण बाबांना कोण सांगणार?"

ती म्हणाली, "तू."

"ते चिडतील."

"मग चिडू देत. प्रोजेक्ट मॅनेजर चिडतो तेव्हा तू त्याला रात्री बसून ईमेल लिहितोसच ना? तसं लिही."

"बाबा म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर नाहीत, आम्रपाली."

"तेच तर. मॅनेजरला तू निदान दोन वाक्यं बोलतोस."

तो हसला.  मी पापडांची चादर गुंडाळून खाली आलो. जाताना तो पाया पडायला वाकला तेव्हा मी त्याला धरून उभं केलं. म्हटलं, जयभीम म्हण, बास. मुलगा वाईट नाही, रंगराव. मुलगा तुम्हाला घाबरतो. दोन्ही गोष्टी तुमच्याच घरात तयार झाल्या आहेत.

पौर्णिमेला मी दुपारची ड्यूटी घेतली आहे. शेवटची फेरी स्वारगेटहून विश्रांतवाडीच. गाडी लावली की सरळ विहारात.

तुम्ही येणार नाही असं सोनबा म्हणतो. तो म्हणतो, "मास्तर, साहेबलोक आरसा दुसऱ्याला हलवायला सांगत्यात." मी त्याला म्हटलं, माझा मित्र आहे, येईल.

वैजनाथ


विश्रांतवाडी
३ जुलै २००४

रंगा,

एवढी पत्रं 'तुम्ही' करून लिहिली, कारण तुम्ही व्याही होता. आज व्याह्याला लिहायचं काही उरलं नाही. हे बोरखेड्याच्या शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्याला लिहितो आहे, तेव्हा 'तू' म्हणतो. राग आला तर येऊ दे.

तू आला नाहीस. सोनबा जिंकला, त्याला चहा पाजावा लागला.

पण तुझ्या घरातून कुणीच आलं नाही असं झालं नाही. काल संध्याकाळी स्वारगेटला गाडी भरत होती. मी मागच्या दाराशी उभा. लातूरच्या एसटीतून उतरलेली माणसं रस्ता ओलांडून येत होती, त्यात एक बाई, पांढरी साडी, हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेली सतरंजी. जवळ आल्या तेव्हा ओळखलं. सत्यशीला वहिनी.

मी म्हटलं, "वहिनी, एकट्या? रंगराव कुठायत?"

"घरी आहेत. पेपर वाचतायत." मग पर्स उघडत म्हणाल्या, "भाऊजी, एक विश्रांतवाडी द्या."

मी म्हटलं, तिकीट कसलं घेताय, बसा. त्या म्हणाल्या, "तिकीट घेऊनच बसणार. सरका म्हणायला कुणाला जागा नको."

माझी सगळी पत्रं त्यांनी वाचली आहेत, रंगा. तू टेबलावर टाकून देतोस आणि त्या उचलून ठेवतात. बाकावर त्यांच्याशेजारी एक तरुण येऊन बसला, पाय पसरून. आणि वहिनी त्याला म्हणाल्या, अगदी शांतपणे, शाळेतल्या बाई बोलतात तसं, "पाय जवळ घे बाळा. ही माझी जागा आहे." त्याने घेतले. तेव्हा मला आठवलं की त्या खरंच शाळेतल्या बाई होत्या. डीएड झालेल्या, जिल्हा परिषदेची नेमणूक हातात. तुझी उदगीरला बदली झाली आणि सोडली. येरवड्याजवळ गाडी जरा रिकामी झाली तेव्हा मी शेजारी उभा राहून विचारलं, "नोकरी सोडली तेव्हा तुम्ही काही म्हणाला नाहीत?" म्हणाल्या, "म्हणायला कुणी विचारलं कुठं होतं? थोडं अ‍ॅडजस्ट कर म्हणाले. केलं. एवढ्या वर्षांत तेवढं एकच तर मला विचारलं त्यांनी, आणि ते पण विचारलं नव्हतं."

विहारात वंदना संपत आली तेव्हा प्रज्ञेश आला. ऑफिसचं कार्ड अजून गळ्यातच. आईला पाहून दारातच थांबला. वहिनींनी शेजारची सतरंजी थोपटली. तो येऊन बसला. बौद्धाचार्यांनी विचारलं, कोण सांगणार शब्द? आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो, कारण लग्नात ते काम तू केलं होतंस. मग वहिनी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं. "घरातला अधिकार मी तिच्या हाती सोपवीन." प्रज्ञेशने त्यांच्यामागून म्हटलं. अडखळला नाही. मधेच त्याचा आवाज गेला, पण त्याला अडखळणं म्हणत नाहीत.

आम्रपालीने तिथेच सांगितलं. ती राहते आहे. प्रज्ञेश पुढच्या आठवड्यात जाईल. वडगाव शेरीचा फ्लॅट सुटणार नाही, ती तिथेच राहील. परत गेली असं तुला लातुरात सांगायचं असेल तर सांग, ते खरंच आहे. प्रज्ञेश तिच्याकडून कुकरच्या शिट्ट्या शिकतोय. आज सकाळी वरण करपवलं. राधा म्हणाली, अमेरिकेत करपलेल्याला काहीतरी भारी नाव असेल.

आता तुझ्या कामाची गोष्ट. वहिनी इथे राहणार आहेत. वर्षावास संपेपर्यंत, म्हणजे आश्विन पौर्णिमेपर्यंत. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, वाचणारे आमचे गुरुजी आजारी आहेत. समितीने विचारलं आणि वहिनी हो म्हणाल्या. आज पहिलं वाचन झालं. तू ऐकायला हवं होतंस. खणखणीत आवाज आहे, रंगा. एवढा आवाज त्या घरात ठेवत कुठे होत्या, हे मला कळलं नाही. मागे बसलेल्या पोरांनी कुजबुज केली तर पुस्तक न मिटता नुसतं बघितलं, पोरं गप्प. वस्तीतल्या बायांनी त्यांना 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली आहे.

त्यांना घ्यायला गाडी घेऊन येऊ नकोस. यायचं असेल तर वाचन ऐकायला ये. मागे जागा असते. सतरंजी आपली आपण आणायची.

वाचनाआधी मी वहिनींना म्हटलं, रंगाचे हाल होतील, त्याला चहासुद्धा करता येत नाही. त्यांनी विचार केला आणि मला लिहून घ्यायला सांगितलं. मीठ दुसऱ्या फळीवर, निळ्या झाकणाच्या बरणीत. पिठल्याला आधी पाणी उकळायचं, मग बेसन सोडायचं, हात थांबवायचा नाही. गॅसची टाकी संपत आली आहे, नंबर लावायचा. धुणं भिजवलं तर त्याच दिवशी धुवायचं.

एवढं सांगून त्या वाचनाला निघाल्या. मी म्हटलं, आणखी काही लिहू का? दारात चप्पल घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या,

"लिहा, थोडं अ‍ॅडजस्ट करा म्हणावं."

तुझा
वैजा